पात्रांवांची रापण

मी मिठबावच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा राहायला जे घर मिळालं त्याच्या पडवीत पंखा एकच होता आणि तो माणसांसाठी नव्हता. भिंतीला टेकवलेल्या लांब बाकावर तीन संगणक, त्यांच्याकडे तोंड केलेला टेबल-पंखा, आणि पंख्याच्या पाठीमागे खुर्चीत टॉवेलने मान पुसत बसलेले घरमालक. मी रिक्षातून सामान उतरवलं तसे ते उठले, डोक्यावरची हॅट काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "येवा बाईनू. घर तुमचाच समजा. फकत पंखो तेंचो."

"कोणाचा?"

त्यांनी हनुवटीने संगणक दाखवले. "दमतत बिचारे."

मला वाटलं, सायबर कॅफे असेल. दुसऱ्या दिवशी शाळेत हजर झाल्याचा कागद छापून घ्यायला मी पेनड्राइव्ह घेऊन गेले, तर या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवापुढच्या समईवर चहा ठेवायला मागितला होता. "ह्ये कामार आसत," ते म्हणाले. "प्रिंट देवगडाक गावतली."

काय काम, असं मी विचारलं, इथेच फसले. त्यानंतर काही वर्षं मी त्या घरात काढली. ते काम पाहिलं, ऐकलं, त्याच्या उबेवर माझे कपडे वाळवले. पण ते नेमकं काय होतं हे कुणी छातीवर हात ठेवून सांग म्हटलं, तर मी मुकाट्याने हात खाली घेईन.

गावात त्यांना सगळे पात्रांव म्हणत. पात्रांव म्हणजे धनी; गोव्याकडून इकडे आलेला शब्द. धनीपणाचं म्हणाल तर त्यांच्याकडे घरामागचे थोडे माड, एक लठ्ठ मांजर आणि एक थोरली बहीण. बहिणीला सगळा गाव बाय म्हणे. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. बायने भावाला वाढवलं, भावाने बोटीवर नोकरी करून बायला पोसलं, आणि निवृत्त होऊन तो घरी आला तेव्हा दोघांना एकमेकांची सवय नव्हती. त्यामुळे घरात भांडण कायम ताजं असे.

बोटीवर पात्रांव कप्तान वगैरे नव्हते. ते जहाजाच्या पोटात, कपडे धुण्याच्या खोलीत होते. जन्मभर त्यांनी चादरी, टॉवेल आणि जेवणाच्या टेबलावरचे रुमाल यांच्या घड्या घातल्या. हात रिकामा राहिला की त्या हाताला काहीतरी घडी करायला लागे. वर्तमानपत्र, पिशव्या, बसचं तिकीट, शाळेची परिपत्रकं, काहीही. माझा दोरीवरचा टॉवेल मी काढायला जाई तेव्हा तो आधीच घडी होऊन माझ्या उंबऱ्यावर असे, कोपऱ्याला कोपरा असा चिकटलेला की तो उलगडताना अपराधी वाटे. एकदा मी चिडून म्हटलं, "पात्रांव, माझ्या कपड्यांना हात लावत जाऊ नका हो." तर म्हणाले, "लावूचंय नाय. पण तुमी घडी चुकीची घालतास, माका रातीक झोप येणा नाय."

हे सगळं सांगते आहे ते उगीच नाही. बायचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा पात्रांव तिला कणकवलीला घेऊन गेले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. का होतो, असं यांनी विचारलं, तेव्हा त्या बिचाऱ्याने समजेल अशा शब्दांत सांगितलं की मेंदूत एक प्रोटीन असतं, त्याची घडी नीट पडत नाही, आणि चुकीच्या घडीचं प्रोटीन साचत जातं. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले असतील. पात्रांव मात्र ते वाक्य घेऊन घरी आले आणि त्यातून पुन्हा बाहेर पडलेच नाहीत. आपण आयुष्यभर परक्यांच्या चादरी घड्या केल्या आणि आपल्या बहिणीच्या डोक्यात घडी चुकली, हे त्यांना स्वतःच्या कामातली खोट वाटलं.

म्हापशाला त्यांची भाची होती, मावसबहिणीची मुलगी, संगणकात शिकलेली. घड्यांचं काही करता येईल का, असं मामाने फोनवर विचारलं. तिने सांगितलं की जगभर लोक आपले संगणक या कामाला देतात. फुकट. परदेशातले शास्त्रज्ञ एका प्रचंड गणिताचे तुकडे करतात, इंटरनेटवरून एकेक तुकडा एकेकाच्या घरी येतो, तुमचा संगणक तो सोडवतो आणि परत पाठवतो. लगेच दुसरा येतो. मामाने देवगडात बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासची तीन यंत्रं उचलली, भाचीने एका सुट्टीत येऊन ती जोडली, आणि माडांवरून झोके घेत एक वायर पडवीत आली.

मला हे पहिल्यांदा समजावताना पात्रांवांनी बायने पूर्वी केळीच्या सोपात, म्हणजे सालीच्या धाग्यात, गुंफलेला जुना, सुकलेला वळेसार हातात घेतला होता. वळेसार म्हणजे अबोलीचा गजरा. "बाईनू, प्रोटीन म्हणजे ह्यो. पयलो सरळ धागो. मगे तो आपणाआपण घडी घेता. कोणाचो हात लागणा नाय. घडी बरोबर पडली तर काम करता. चुकली काय कचरो."

"आणि संगणक काय करतो?"

"घडी कशी पडता ता बगता."

"पडायला किती वेळ लागतो?"

"डोळो मिटून उघडूच्या आत पडता."

"मग बघायला इतके महिने का लागतात?"

पात्रांवांनी गजरा या हातातून त्या हातात घेतला. "ताच तर कोडा," ते म्हणाले. "पडाक निमिष आनी बगूक जलम. माका पण कळाक नाय."

ते खरं बोलले म्हणून मला बरं वाटलं, नाहीतर मीच मठ्ठ ठरत होते. दुसऱ्या दिवशी मी शाळेत विज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी डाळी, अंडी, सोयाबीन अशी उत्तरं दिली आणि हजेरी घ्यायला निघून गेले. गावातही हाच गोंधळ. पात्रांव प्रोटीनचं काम करतात अशी बातमी पसरल्यावर व्यायामशाळेतला एक तरणाबांड गडी पडवीत येऊन पावडरचा डबा मागत उभा राहिला. पात्रांवांनी त्याला बसवून वळेसार दाखवला. तो पुन्हा कधी दिसला नाही.

एकदा त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन कढईत सुंगटं, म्हणजे कोळंबी, टाकून दाखवली. "बगा, गरम लागला काय कशी वाकतत!" मी पाहिलं. वाकली. "म्हणजे ही चांगली घडी की वाईट?" असं मी विचारल्यावर ते बराच वेळ कढईकडे बघत राहिले आणि सुंगटं करपली. बायने दोघांनाही बाहेर काढलं. "शिरा पडो तुमच्या शास्त्रार," ती म्हणाली, "चार दिसांनी मासळी गावली होती."

संगणकांच्या पडद्यावर कधीकधी एक चित्र दिसे, रंगीत मण्यांचा पुंजका, अंगात आल्यासारखा हलणारा. खाली एक पट्टी हळूहळू भरत जाई. पट्टी भरली की तुकडा पूर्ण. ठरलेल्या मुदतीत तो पोचला नाही तर तोच तुकडा दुसऱ्याला देतात, असं भाचीने सांगितलं होतं आणि पात्रांवांना त्याची फार लाज वाटे. पावसात लाइट गेली की ते इन्व्हर्टरकडे धावत. बायच्या खोलीतला दिवा बंद करून यंत्रं चालू ठेवत आणि बाय अंधारातून त्यांचा उद्धार करी. पण तीच बाय आषाढात आपली सुकट त्या यंत्रांवर पसरून ठेवी. बाहेर काही वाळायची सोय नाही आणि पडवीत फुकटची ऊब. माझे कपडे, बायची सुकट आणि मांजर, असं सगळं त्या प्रोटीनच्या कामावर वाळत पडलेलं असे. वर्गात मुली माझ्याकडे नाक मुरडत तेव्हा मी त्यांना विज्ञानाबद्दल काही सांगू शकत नव्हते.

रोज संध्याकाळी शेजारचा तांडेल पडवीच्या पायरीवर येऊन बसे. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या. रापण न पाहिलेल्यांसाठी सांगते. होडीतून अर्धगोल मोठं जाळं समुद्रात सोडतात, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणतात, आणि दोन्हीकडे रांगा लावून माणसं ते ओढतात. ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा. वाटेने जाणारा परका असला आणि घटकाभर ओढू लागला, तरी कालवणापुरते मासे त्याच्या हातावर ठेवतात. ही तिथली रीत आहे आणि ती मोडलेली मी पाहिली नाही.

पात्रांवांनी तांडेलाला आपलं काम रापणीवरून समजावलं. सगळं जग एक दोरी ओढतं आहे, आपणही ओढतो.

"तांडेल कोण?" तांडेलाने विचारलं.

"आसत परदेशात. मोठे प्रोफेसर."

"तुका वळाखता?"

"नंबरान वळाखता."

"आनी वाटो?"

पात्रांव जरा चाचरले. "गुण देतत."

"गुण?"

"व्हय. तुकडो पोचलो काय गुण. माझे खूप झालेत."

तांडेलाने विडी पेटवली. "गुणांचा कालवण कसा लागता रे?"

आतून बायचं हसू आलं. तिचं हसणं मोकळं आणि मोठं होतं, हात आजारी पडला तरी ते आजारी पडलं नव्हतं. पण पात्रांव हसले नाहीत. "वाटो येतलो," ते म्हणाले. "औषध गावांदे. पयलो वाटो ओढणाऱ्याच्या घराक. रीत आसा ती."

मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. रापणीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसालाच ही चूक सुचू शकते. दोरी ओढली की वाटा येतो, यात शंका घ्यायची असते हेच त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. परदेशातल्या त्या न पाहिलेल्या प्रोफेसरांवर त्यांनी तांडेलाइतकाच भरवसा टाकला होता. भाचीने संगणकात प्रोग्राम बसवताना कुठल्या आजारासाठी काम करायचं ते निवडायची सोय दाखवली होती. मामाने कंपवात निवडला. म्हणजे घरात येणारा प्रत्येक तुकडा बायचा, असा त्यांचा हिशोब.

तुकडा पूर्ण झाला की ते आत जाऊन सांगत, "बाय, तुझो एक गेलो." बाय म्हणे, "बरा झाला. आता चाय गाळ." आणि एखाद्या दिवशी तिचा हात कमी थरथरला, कप बशीत न वाजवता ठेवता आला, की पात्रांव माझ्या खोलीच्या दाराशी येऊन हळूच म्हणत, "बगलात? कालचो तुकडो बरो होतो." मी मान डोलवायची. मला काही कळत नव्हतं, पण त्यांचा चेहरा असा उजळलेला असे की न डोलवण्याची माझी छाती नव्हती.

त्यांना हवं होतं ते तसं फार मोठं नव्हतं. घरातल्या सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या मूर्तीला, दर नाताळला बाय स्वतःच्या हाताने वळेसार करून घालत असे. परसातल्या अबोल्या, केळीच्या सोपाचा धागा, आणि बायची बोटं. हात बिघडल्यापासून देवगडच्या बाजारातून हार येई आणि बाय त्याच्याकडे तोंड वाकडं करून बघे. बायने आपल्या हाताने एकदा वळेसार करावा, एवढ्यासाठी ती तीन यंत्रं घरघरत होती. हात पूर्ण जायच्या आधी औषध पोचायला हवं, म्हणून घाई होती, म्हणून पंखा होता. हे मला उशिरा उमगलं आणि त्यानंतर मी पंख्याबद्दल कुरकुर केली नाही.

मग एका नाताळला भाची आली. नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट मांडीवर घेऊन तिने पडवीत बसून मामाची यंत्रं तपासली, आणि खाता खाता म्हणाली, "मामा, ही फकत तुजी पसंती. काम तांकां जाय तेंच दितात."

तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं. तिला वाटलं, मामाला हे ठाऊक आहे. ती सांगत गेली. कंपवाताचं काम त्यांच्याकडे तयार नसेल तर जे असेल ते येतं. गेले कित्येक महिने मामाच्या यंत्रांनी सोडवलेलं बहुतेक कर्करोगाचं होतं, थोडं कसल्याशा विषाणूचं. आणि वाट्याचा विषय निघाला तेव्हा तिने तेही सांगून टाकलं. जे सापडतं ते सगळ्या जगापुढे ठेवतात, कुणीही वाचावं, कुणीही पुढे न्यावं. त्यातून औषध निघालं तर निघतं, निघायला वर्षं लागतात, आणि कुणाच्या घरी कुणी काही पाठवत नाही.

पात्रांवांनी सगळं ऐकून घेतलं. हातातला टॉवेल चुरगळला आणि तसाच बाकावर टाकला. घडी न केलेला टॉवेल मी त्या घरात पहिल्यांदा पाहिला.

भाची गेली त्या दुपारी त्यांनी तिन्ही यंत्रं बंद केली. पंखा उचलून आत नेला आणि बायच्या खाटेकडे वळवून ठेवला.

"माका थंडी वाजता," बाय म्हणाली.

"असांदे," पात्रांव म्हणाले आणि परसात जाऊन बसले.

पडवी गप्प झाली. इतके दिवस त्या घरघरीखाली झाकलेला समुद्र मला माझ्या खोलीत ऐकू यायला लागला, आणि तो ऐकायला मला मुळीच आवडला नाही. मांजर थंड यंत्रावर चढे, वास घेई, उतरे आणि माझ्याकडे बघे, जणू मीच काही केलं. तांडेल संध्याकाळी आला, त्याने बाकाकडे पाहिलं. "मेली काय रे मशीनां?"

"दुसऱ्याचा ओढी होतंय इतके दिस," पात्रांव म्हणाले. "माका वाटला आमचा."

तांडेल उठला. विडी अर्धी ठेवून घरी गेला.

मला राग आला होता, पण कुणावर ते ठरेना. भाचीवर म्हणावं तर तिने खरं सांगितलं. प्रोफेसरांवर म्हणावं तर त्यांना मिठबाव ठाऊक नाही. पात्रांवांवर म्हणावं तर त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ते जेवणात लक्ष देईनात, दाढी करीनात. बायच्या खोलीत जायचंच टाळत. आपण बहिणीला इतके दिवस खोटं सांगितलं असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. बाय मात्र सगळं ऐकून होती. पडवीत बोललेलं काही आत ऐकू जात नाही, असं त्या घराचं बांधकाम नव्हतं.

एका रविवारी सकाळी तिने मला हाक मारली. "गो चेडवा, रिक्षा बोलाव. माका रापणीर जावचा आसा. आनी तेका पण घे, नाय म्हणालो तरी घे."

नाही म्हणालेच ते. पण बाय पायरी उतरायला लागली तेव्हा धरायला त्यांना यावंच लागलं, आणि धरलं तसे ते रिक्षात बसले.

किनाऱ्यावर रापण लागली होती. दोन्ही दोऱ्यांवर माणसं मागे रेलून ओढत होती. बाय वाळूत माझ्या खांद्यावर हात टाकून हळूहळू गेली आणि कुणाला न विचारता रांगेत शिरून तिने दोन्ही हात दोरीवर ठेवले. तांडेलाने पाहिलं, पुढच्याला जरा सरकायला सांगितलं, बस्स. मी तिच्या मागे दोरी धरली. माझे घाटावरचे तळहात लगेच सोलवटले. आणि एक गोष्ट मला तिथे दिसली. ताणलेल्या दोरीवर सगळ्यांचेच हात थरथरत होते. बायचे हात त्यात वेगळे ओळखू येत नव्हते.

पात्रांव हॅट छातीशी धरून बाजूला उभे होते. बायने मान न वळवता त्यांना विचारलं, "बाबा तापान आडवो पडलो ता सालभर याद आसा?"

"आसा."

"घराक वाटो येय होतो."

"येय होतो."

"कोण ओढी होतो तो?"

पात्रांवांनी नकारार्थी मान हलवली.

"माका पण ठावक नाय. कोणी तरी ओढलो, आमी खाल्लो, तू वाडलंस. आता तुझ्यान कोणाच्या घराक गेलो तर तुझ्या पोटात कित्याक दुखता रे?" तिला दम लागला होता. तिने श्वास घेतला आणि मग भाऊ लहान असताना दटावत असेल त्या आवाजात दटावलं, "आनी मधीच दोरी सोडतत? कोणी शिकयला तुका? लाज नाय वाटूक?"

रांगेतली माणसं समोर बघत ओढत राहिली. ऐकू सगळ्यांनाच गेलं होतं. दोरी मधेच सोडणं म्हणजे काय हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. पात्रांवांनी हॅट डोक्यावर घातली, आले, आणि बायच्या पाठीशी दोरी धरली. मला वाटतं ते रडत होते. मी रडत होते हे मात्र नक्की, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

जाळं आलं त्यात बांगडे होते. वाटे पडले. आमच्या तिघांचा वाटा तांडेलाने पिशवीत घातला, आणि मग वर आणखी ओंजळभर टाकले.

"ह्ये कोणाचे?" पात्रांवांनी विचारलं.

"तुझ्या मशीनांचे. ओढतत मां ती?" तांडेल म्हणाला. "पण घराक जावन पयली चालू कर. ओढल्याबिगर वाटो नाय."

जेवायच्या आधी पडवीत घरघर सुरू झाली. पंखा परत स्टुलावर आला. कंपवाताची निवड त्यांनी तशीच ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, "देवचा ता देवदे. पण आमची पसंती कळांदे तेंका." आणि त्यानंतर रापण लागली की तांडेलाकडून यंत्रांचा वाटा निमूट येऊ लागला. तो मांजर खाई. ते त्याच यंत्रावर झोपत असल्याने हिशोब बरोबर आहे, असं बायचं मत पडलं.

तुकडा पूर्ण झाला की पात्रांव पूर्वीसारखेच आत जाऊन सांगत. फक्त आता म्हणत, "बाय, एक गेलो. कोणाचो ता ठावक नाय." बाय म्हणे, "पोचांदे. चाय गाळ."

बायने पुन्हा वळेसार केला नाही. मला वाटत होतं, एकदा तरी करेल. तसं काही झालं नाही. पुढच्या वर्षी गणपतीची चवथ होऊन गेल्यावर ती गेली. आधी हात, मग चालणं, मग गिळणं, आणि शेवटी ते मोठं हसू. शवपेटीत तिच्या हातात ठेवायला पात्रांवांनी परसातल्या अबोल्या काढल्या आणि स्वतःच वळेसार करायला बसले. चादरींना सरावलेल्या त्या हातांना फुलं जमेनात. निम्मी फुलं गळाली. बायने पाहिला असता तर तोंड वाकडं केलं असतं. मी मदत करू का म्हटलं, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली.

चर्चमध्ये मिस्सा झाला, पाहुणे गेले, भाची म्हापशाला परतली. मी शाळेतून येताना रोज फाट्यापासून कान देत यायची. पडवीतून आवाज येतो का? मला भीती होती. आता ते कुणासाठी ओढणार? एका संध्याकाळी मी आले तेव्हाही आवाज येत होता. पात्रांव खुर्ची पुढे ओढून पडद्यासमोर बसले होते, आजारांची ती यादी उघडून. मला पाहून म्हणाले, "बाईनू, जरा येवा. तुमच्या घराकडे कोण आजारी आसा काय?"

मला काही कळेना. "आजारी असं कुणी नाही. आईचे गुडघे तेवढे दुखतात."

"खूप?"

"जिना चढताना."

त्यांनी यादी वरून खालपर्यंत वाचली. ओठ हलवत पुन्हा वाचली. कर्करोग होता, विसरण्याचा आजार होता, कंपवात होता. "गुडघे नाय आसत हंयसर," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं.

"असू दे हो पात्रांव."

"थांबा." यादीत एक ओळ वेगळी होती. तिचा अर्थ, कुठलाही आजार. इतकी वर्षं ती तिथे होती आणि त्यांनी तिच्यावर कधी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी ठेवलं. पडद्यावरून कंपवात गेला.

"कुठलोय केलंय," ते म्हणाले. "तेच्यात तुमच्या आवशीचे गुडघे येतले."

आणि पंखा यंत्रांकडे नीट वळवून ते माझ्या टॉवेलची घडी घालायला दोरीकडे गेले.